युरोपातल्या संशोधन प्रकल्पावर नोकरी: सही करण्याआधी काय विचारावं

तुमचा प्रश्न नीट वाचला. पुण्यात आठ वर्षं गाड्यांचं कंट्रोल सॉफ्टवेअर आणि सिम्युलेशन केलंत. आता नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या एका छोट्या कंपनीने तीन वर्षांच्या ‘आयटीईए’ प्रकल्पासाठी रिसर्च इंजिनिअर म्हणून बोलावलंय. हे खरं संशोधन आहे की नावापुरतं, प्रकल्प संपल्यावर काय, याच्या जोरावर पीएचडी होईल का, आणि पत्नी व तीन वर्षांच्या मुलीचं इथे कसं होईल, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी मूळची सांगलीची, आता आइंडहोव्हनला असते आणि याच प्रकारच्या प्रकल्पांवर काम करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. जरूर या, पण तुम्ही केलेलं काम शेवटी कोण वापरणार, हे कळल्यावरच. प्रकल्पाचा विषय कितीही आकर्षक असला तरी त्यावर जाऊ नका. विषय सगळेच आकर्षक लिहितात.

हा प्रकार समजून घ्यायचा तर आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आयटीईए ही युरोपियन युनियनची योजना नाही. १९८५ मध्ये युरोपातल्या सरकारांनी मिळून ‘युरेका’ नावाचं जाळं उभं केलं. त्याच्या छत्राखाली १९९८ मध्ये सॉफ्टवेअर संशोधनासाठी आयटीईए हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचं कार्यालय आइंडहोव्हनमध्येच आहे, आणि २०२१ पासून त्याचा चौथा टप्पा चालू आहे. युनियनची मोठी योजना म्हणजे ‘होरायझन युरोप’. २०२१ ते २०२७ या काळासाठी तिच्यात सुमारे ९३.५ अब्ज युरो आहेत. तिथे कोणत्या विषयावर प्रस्ताव हवेत ते ब्रसेल्स ठरवतं आणि निधीही एकाच तिजोरीतून येतो. आयटीईएमध्ये विषय कंपन्या ठरवतात. एखाद्या वाहन कंपनीला किंवा रुग्णालयांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला एक अडचण असते. ती मांडून ती साथीदार शोधते. निदान दोन देशांतले भागीदार जमले की प्रस्ताव दोन टप्प्यांत जातो, आधी रूपरेषा आणि मग पूर्ण आराखडा. पसंत पडला तर प्रकल्पाला आयटीईएचं ‘लेबल’ मिळतं.

लेबल मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं मात्र नाही. तुमच्या निर्णयासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, आणि मुलाखतीत तो कुणी आपणहून सांगत नाही. ही अंगतपंगत आहे. पंगत एकच, पण प्रत्येकाने आपला डबा आपल्या घरून आणायचा. डच भागीदाराला नेदरलँड्सची आरव्हीओ ही सरकारी संस्था पैसे देते, फिनलंडच्या भागीदाराला बिझनेस फिनलंड, तुर्की भागीदाराला ट्युबिटाक. प्रत्येक देशाची छाननी वेगळी, नियम वेगळे, वेळापत्रक वेगळं. त्यामुळे एकाच प्रकल्पात एका देशाचे लोक कामाला लागलेले असतात आणि दुसऱ्या देशातले मंजुरीच्या पत्राची वाट पाहत बसलेले असतात.

मी काम केलेल्या एका प्रकल्पात असंच झालं. आमची सगळी मांडणी दुसऱ्या देशातल्या एका उत्पादकाच्या कारखान्यातल्या माहितीवर उभी होती. इथे आमचं अनुदान मंजूर झालं, काम सुरू झालं, आणि काही महिन्यांनी त्या देशाने त्यांच्या भागीदारांना पैसे नाकारले. उत्पादक बाहेर पडला. आमच्याकडे पद्धत होती, माणसं होती, पण जिच्यावर ती पद्धत तपासायची ती खरी माहितीच नव्हती. मग दुसरा यूज केस, म्हणजे पद्धत प्रत्यक्ष वापरून बघायची जागा, शोधणं, आराखडा बदलणं, बदलाची मंजुरी घेणं यात जवळपास एक हिवाळा गेला. प्रकल्प बुडाला नाही, पण ज्या प्रश्नासाठी मी तो स्वीकारला होता तो प्रश्नच त्यातून निघून गेला. म्हणून तुमच्या कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा: नेदरलँड्सचा निधी मंजूर झालाय का, आणि ज्या देशातल्या कंपनीचा यूज केस आहे, तिथला झालाय का? ‘लेबल मिळालंय’ एवढंच उत्तर आलं तर ते अर्धंच उत्तर समजा.

आता हे खरं संशोधन आहे का, याकडे येते. तुम्ही सिम्युलेशनवाले, तेव्हा एफएमयू फाइल, म्हणजे एका टूलमधलं मॉडेल दुसऱ्यात चालवायची फाइल, तुमच्या हाताखालून नक्की गेली असेल. ती याच व्यवस्थेतून जन्माला आली. वाहन कंपनीला इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांची मॉडेल्स वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येत. प्रत्येकाचं टूल वेगळं, आणि पुरवठादार आपलं मॉडेल उघडं करून द्यायला तयार नसत. ती मॉडेल्स जोडून अख्खी गाडी संगणकावर चालवायची कशी, हा डाइमलरसारख्या कंपन्यांचा रोजचा त्रास होता. आयटीईएच्या दुसऱ्या टप्प्यात, २००८ ते २०११ या काळात, ‘मॉडेलिसार’ नावाचा प्रकल्प झाला. त्यातून फंक्शनल मॉक-अप इंटरफेस, म्हणजे एफएमआय, हे मानक आलं. पहिली आवृत्ती २०१० ची. युक्ती साधी आणि सुंदर होती: एका झिप फाइलमध्ये (हीच एफएमयू) मॉडेलचं वर्णन एक्सएमएलमध्ये द्यायचं आणि त्यासोबत कंपाइल केलेला कोड. वापरणाऱ्याला मॉडेल चालवता येतं, पुरवठादाराचं गुपित गुपितच राहतं.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते प्रकल्पानंतरचं. निधी संपला, पण मानक मॉडेलिका असोसिएशन या मॉडेलिंग क्षेत्रातल्या ना-नफा संस्थेने सांभाळायला घेतलं. दुसरी आवृत्ती २०१४ मध्ये आली, तिसरी २०२२ मध्ये, आणि आज शंभराहून अधिक टूल्स ते वापरतात. पुण्यातल्या टेस्ट बेंचवरही ते पोचलं. हे घडलं कारण वाहन कंपनीला ते हवं होतं, टूल विकणाऱ्यांना ते आपल्या मालात घालायचं होतं, आणि गणित पक्कं करायला विद्यापीठं व संशोधन संस्था होत्या. तिघांपैकी एकाची जरी खरी गरज नसती, तर मॉडेलिसारचेही अहवालच उरले असते.

म्हणून विचारा की तुमची कंपनी या तिघांपैकी कोण. स्वतःचं टूल विकणारी असेल तर उत्तम. तुम्ही केलेलं पुढच्या आवृत्तीत जाईल, आणि तुमच्यावाचून त्यांचं अडेल. यूज केसची मालक असेल तरी चांगलं. पण एका अनुदानावरून दुसऱ्या अनुदानावर उडी मारत जगणारी असेल, तर सावध. युरोपियन नियमांनुसार औद्योगिक संशोधनाच्या खर्चाचा कमाल ५० टक्के भाग सरकारी मदतीतून येऊ शकतो. छोट्या कंपनीला त्यावर २० टक्के आणि सहकार्य असेल तर आणखी १५ टक्के मिळू शकतात, पण एकूण ८० च्या वर नाही. ही झाली कमाल मर्यादा, प्रत्यक्षात देश कमीही देतात. म्हणजे उरलेला भाग कंपनीला पदरचा घालावा लागतो, आणि तो कुठून येतो हे विचारणं अजिबात उद्धटपणाचं नाही. ‘तुमच्या उत्पन्नातला किती भाग ग्राहकांकडून येतो आणि किती अनुदानातून?’ असं सरळ विचारा. डच माणसं असे प्रश्न सहज घेतात, उलट तुम्ही तयारीने आलात असंच त्यांना वाटतं.

रोजचं काम कसं असतं, तेही सांगते. आठवड्याचा बराच वेळ कोड आणि प्रयोग. बाकी वर्क पॅकेजच्या, म्हणजे प्रकल्पाच्या आपल्या वाट्याच्या भागाच्या, बैठका, डिलिव्हरेबल नावाचे अहवाल, वार्षिक रिव्ह्यूसाठी डेमो. टाइमशीट मात्र दर आठवड्याला, प्रामाणिकपणे. अनुदानाचा हिशेब माणसांच्या तासांवर चालतो आणि ऑडिटर ते तपासतात. पुण्यात ग्राहकाच्या डेडलाइनखाली काम केलेल्याला सुरुवातीला हा वेग मंद वाटतो. इस्तंबूल, हेलसिंकी आणि लिस्बनच्या लोकांना एका इंटरफेसवर सहमत करण्यात महिना जातो. ऑगस्टमध्ये तर कुणी सापडतच नाही. पण त्या महिन्याभराच्या वादातूनच पुढे टिकणारी गोष्ट तयार होते, हे मी पाहिलंय आणि मला ते काम मनापासून आवडतं. तुम्ही ऑटोसार या गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या सामायिक मानकावर काम केलं असेल, तर एवढ्या कंपन्यांनी बसून एक भाषा ठरवण्याची किंमत काय असते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

बौद्धिक संपदेबद्दल थोडक्यात. काम सुरू होण्याआधी भागीदारांत कन्सोर्टियम करार होतो. कुणी आधीपासूनचं काय आणलं आणि नव्याने तयार झालेलं कुणाचं, ते त्यात लिहितात. शोधनिबंध प्रसिद्ध करण्याआधी इतर भागीदारांना दाखवावा लागतो का आणि किती दिवस आधी, हेही त्यातच असतं. पीएचडी डोक्यात असेल तर हे कलम आत्ताच विचारून घ्या.

पीएचडीचं सरळ उत्तर: या नोकरीतून ती आपोआप मिळत नाही. इथे पीएचडी ही साधारण चार वर्षांची पगारी नोकरी असते आणि ती विद्यापीठाबरोबर असते. पण याच प्रकल्पांत विद्यापीठाचे प्राध्यापक तुमच्यासोबत बसतात, तुमचं काम बघतात, आणि पुढची जागा तिथूनच मिळते. दुसरी वाट म्हणजे आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठातला दोन वर्षांचा ईएनजीडी हा पदव्युत्तर अभियांत्रिकी अभ्यासक्रम. तोही पगारी असतो आणि शेवटचा मोठा प्रकल्प कंपनीत करायचा असतो. मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या निधीवरच्या पीएचडीच्या, जागांवर डोळा असेल, तर एक अट लक्षात ठेवा. भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त तुम्ही त्या देशात राहिलेले नसावं लागतं. म्हणजे इथे वर्षभर राहिलात की नेदरलँड्समधल्या त्या जागा तुमच्यासाठी बंद होतात, जर्मनी किंवा स्वीडनमधल्या उघड्या राहतात. हे आधी माहीत असेल तर आखणी वेगळी करता येते.

आता करार. तीन वर्षांचा प्रकल्प आणि तीन वर्षांचा करार ही जोडी योगायोगाची नाही. डच कायद्यानुसार तात्पुरत्या करारांची साखळी साधारणपणे तीन करार किंवा तीन वर्षं यांच्या पुढे गेली की नोकरी कायम धरली जाते. म्हणजे निधी संपतो त्याच सुमाराला कंपनीला तुमच्याबद्दल मोठा निर्णय घ्यावा लागतो. करारात ‘प्रकल्प संपेपर्यंत’ असं लिहिलंय की ठरावीक तारीख, ते बघा. तारीख हवी. प्रकल्पातून भागीदार गळाला तर तुम्हाला दुसऱ्या कामावर ठेवणार का, हे ईमेलवर लिहून घ्या. तुमचा परवाना उच्चकुशल स्थलांतरिताचा, इथल्या भाषेत ‘केनिसमिग्रांट’चा असेल, तर तो मान्यताप्राप्त कंपनीच्या मार्फतच मिळतो आणि कराराच्या मुदतीएवढाच असतो, जास्तीत जास्त पाच वर्षांचा. नोकरी गेली तर नवी शोधायला तीन महिने मिळतात, तेही परवान्याची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. म्हणून शेवटच्या वर्षात नव्या जागेची चौकशी निवांतपणे आधीच सुरू करावी.

पगाराच्या आकड्यात ८ टक्के सुट्टीभत्ता धरलाय की वेगळा आहे, ते विचारा. परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्यांना मिळणारी ३० टक्क्यांची करसवलत २०२७ पासून २७ टक्के होते आणि पाच वर्षांपर्यंत मिळते. नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत अर्ज गेला तरच ती पहिल्या दिवसापासून लागू होते. तो अर्ज कंपनीसोबत मिळून करायचा असतो, म्हणून कोण आणि कधी करणार ते ठरवून टाका. सवलत मिळेल असं धरून घरभाड्याचं गणित मांडू नका. चिप बनवायची यंत्रं तयार करणारी एएसएमएल ही मोठी कंपनी शेजारच्या फेल्डहोव्हनमध्ये असल्यामुळे या भागात घरं मिळणं खरंच अवघड आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांची राहायची सोय कंपनीने करावी, ही मागणी ठेवाच.

केनिसमिग्रांटच्या जोडीदाराला इथे वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. तुमच्या पत्नी सीए आहेत म्हणता, तर मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या वित्त विभागात इंग्रजीवर काम मिळू शकतं, पण डच करकामासाठी डच लागेल. त्यांनी पुण्यातूनच शिकायला सुरुवात केली तर सहा महिने वाचतील. मुलगी चार वर्षांची झाली की शाळेत जाऊ लागेल. साध्या डच शाळेत घाला. लहान मुलं भाषा पटकन उचलतात, आणि मराठी घरात तुम्ही बोलणारच आहात.

पुढच्या बोलण्यात त्यांच्याकडून प्रकल्पाचा पूर्ण आराखडा मागा. तो गोपनीय आहे म्हणाले, तर निदान तुमच्या वर्क पॅकेजचं पान आणि यूज केस देणाऱ्या कंपनीचं नाव तरी मागा. ते हाती आलं की इथेच पुन्हा लिहा. कंपनीची नावं गाळून, फक्त कोण भागीदार कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या देशातला एवढं लिहिलंत तरी मला अंदाज सांगता येईल.