पंप साडेपाच लिटर दाखवतोय, मग बाबांना धाप का लागते?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही कराडजवळ राहतो. बाबा ६१ वर्षांचे आहेत, दीड वर्षापूर्वी चेन्नईला जाऊन त्यांना हार्टमेट ३ पंप, म्हणजे कमकुवत हृदयाला मदत करणारा बॅटरीवरचा पंप, बसवला. वर्षभर एकदम मस्त होते, दोन्ही बॅटऱ्या खांद्याला अडकवून मळ्यापर्यंत चालत जायचे. आता दोन महिने झाले, जिना चढला की धाप लागते, पाय सुजतात, रात्री दोन उश्या घेतल्याशिवाय झोप नाही. इको केला तर एओर्टिक व्हॉल्व लीक होतोय, मॉडरेट टू सिव्हिअर, असं आलं. कंट्रोलरवर, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या डबीवर, फ्लो आधी मिनिटाला ४.४ लिटर असायचा तो आता ५.६ दाखवतो. भाऊ म्हणतो पंप जास्त रक्त फेकतोय म्हणजे चांगलंच की. मला काही ते पटत नाही.

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे, भावाला हे वाचायला द्या.

तुमच्याकडे विहिरीवर मोटर असेलच. समजा मोटर चालू आहे, आवाज नेहमीसारखा, पण पाइप विहिरीच्या तोंडाशीच फुटलाय. पाणी वर येतं आणि तिथूनच धबाधबा परत विहिरीत पडतं. मोटर पाणी उपसतेय हे खोटं नाही, फक्त शेवटच्या सरीपर्यंत काही पोचत नाही. बाबांच्या छातीत सध्या हेच चाललंय. पंप डाव्या कप्प्यातलं रक्त ओढून एओर्टात म्हणजे मोठ्या धमनीत सोडतो, आणि कप्पा नि धमनी यांच्यामधलं दार, म्हणजे एओर्टिक व्हॉल्व, नीट मिटत नसल्यामुळे त्यातलं बरंचसं रक्त लगेच परत कप्प्यात येतं. पंप तेच रक्त पुन्हा ओढतो, पुन्हा फेकतो. त्यामुळे आकडा वाढतो आणि किडनीला, पायांना, मेंदूला मिळणारं रक्त मात्र कमी होतं. कप्पा भरलेलाच राहतो म्हणून मागे फुप्फुसात पाणी साठतं, म्हणून धाप, म्हणून दोन उश्या.

अजून एक, कंट्रोलरवरचा फ्लो हा मोजलेला आकडा नसतोच. पंपाचा स्पीड किती, वीज किती खातोय, रक्त किती दाट आहे यावरून मशीन हिशेब करून तो दाखवतं. शरीराला किती पोचलं हे त्याला कळायला मार्ग नाही.

आता हे का होतं? तर हा व्हॉल्व म्हणजे तीन पाकळ्यांचं दार, दिवसाला लाखभर वेळा उघडायचं-मिटायचं काम त्याचं. पंप बसला की रक्त पंपाच्याच वाटेने जातं, दार उघडायची गरजच उरत नाही. वरून एओर्टाचा दाब, खालून पंपाची ओढ, आणि दार दिवसरात्र बंद. वापरात नसलेल्या खिडकीचं होतं तसं होतं, पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटतात, मध्ये आक्रसतात, धमनीचं मूळ थोडं सैलावतं आणि मधोमध फट पडते. सतत प्रवाहाच्या पंपांमध्ये पहिल्या वर्षात साधारण चौघांतल्या एकाला कमीजास्त गळती दिसते, त्यामुळे आमच्याच नशिबी का आलं असं मनात आणू नका. एरवीच्या माणसात व्हॉल्व लीक असला तरी रक्त ठोक्यांच्या मधल्या वेळेतच मागे येतं, पंपवाल्यात ते जवळजवळ सगळा वेळ येत राहू शकतं. म्हणून नेहमीच्या मोजमापाने इको वाचला तर गळती कमी वाटू शकते. रिपोर्ट पंपाचे पेशंट बघणाऱ्यालाच दाखवा.

पहिला उपाय बहुतेक वेळा औषधांचा. लघवीची गोळी वाढवून पाणी काढतात, आणि प्रेशर आवळून धरतात, कारण एओर्टात दाब जितका जास्त तितकी गळती जास्त. सरासरी प्रेशर ८५ च्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. लोणचं, पापड, शेंगदाण्याची खारी चटणी बंद, हे तुम्हाला चेन्नईत सांगितलंच असेल आणि बाबा चोरून खात असतील तेही मला माहीत आहे.

मग येतो स्पीड, आणि इथे खरी पंचाईत आहे. धाप लागते म्हणून स्पीड वाढवला तर थोडे दिवस बरं वाटू शकतं पण ओढ वाढते, दार आणखी घट्ट बंद, गळती वाढायला मोकळीच. कमी केला तर व्हॉल्व अधूनमधून उघडतो, ते त्याच्या तब्येतीला चांगलं, पण बाबांचं स्वतःचं हृदय तेवढा भार उचलेल का? म्हणून इकोचा प्रोब छातीवर ठेवून स्पीड एकेक पायरी बदलत बघतात, व्हॉल्व किती ठोक्यांनी उघडतो, कप्पा किती फुगतो. ही टेस्ट करून घ्या, आणि हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून आतले दाबही मोजायला लागतील कदाचित. औषधं आणि स्पीड दोन्ही करून धाप राहिलीच तर व्हॉल्वचंच काहीतरी करावं लागतं. हृदय-प्रत्यारोपणाचा विचार असेल तर तोही विषय आत्ताच काढा, किडनी बिघडायची वाट बघू नका.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. सासूबाईंना ४ वर्षांपासून पंप आहे, आता व्हॉल्व खूप लीक होतोय. इथले डॉक्टर म्हणतात परत छाती उघडणं धोक्याचं, मांडीतून व्हॉल्व घालता येईल पण नेहमीसारखं सोपं नाही. माझ्या काकांचा तसाच व्हॉल्व पुण्यात झाला, तिसऱ्या दिवशी घरी. मग यांचंच अवघड का?

उत्तर : काकांचा व्हॉल्व बहुतेक कडक होऊन अरुंद झाला असणार. त्यात चुना म्हणजे कॅल्शियम साठलेला असतो, आणि मांडीतून नेलेला नवा व्हॉल्व उघडला की त्या चुन्यात घट्ट रुतून बसतो. सासूबाईंच्या व्हॉल्वमध्ये चुना नाही, सगळं मऊ आणि सैल. ओल्या मातीत खुंटी ठोकल्यासारखं. त्यात खालून पंप अखंड ओढतोय, म्हणजे नवा व्हॉल्व घसरून कप्प्यात जायची भीती. असं झालंय काही पेशंटमध्ये, मग पहिल्यात दुसरा घालून धरावा लागतो. म्हणून जरा मोठ्या मापाचा, आपोआप फुलणारा घेतात, आणि बसवताना पंपाचा स्पीड उतरवतात. कडेने थोडी गळती राहणं, पेसमेकर लागणं हेही होऊ शकतं.

गळतीसाठीही चालेल असा बनवलेला व्हॉल्व आहे, जेनाव्हॉल्वचा ट्रिलॉजी. युरोपात त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तो चुन्यावर अवलंबून नाही, त्याला तीन हूक आहेत, ते पेशंटच्या स्वतःच्याच पाकळ्यांना चिमट्यासारखे धरतात. तो किंवा तसा दुसरा मिळू शकेल का हे टीमला सरळ विचारा.

कोणी व्हॉल्वला बूच मारू म्हणालं तर एक गोष्ट आधी समजून घ्या. बूच मारून गळती थांबते, पण मग रक्ताला बाहेर पडायला पंपाशिवाय वाटच उरत नाही. पंप अडला तर संपलंच. काही जणांना दुसरा इलाजच नसतो, मान्य आहे, पण सही करण्याआधी घरात सगळ्यांना हे माहीत हवं. आणि सासूबाई प्रत्यारोपणाच्या यादीत असतील तर या गळतीमुळे अमेरिकेत त्यांचा नंबर वरच्या गटात जाऊ शकतो, तेवढं विचाराच.

प्रश्न : माझ्या मामांना पंप बसवायचं ठरतंय. त्यांना १५ वर्षांपूर्वी धातूचा एओर्टिक व्हॉल्व बसवलेला आहे, चांगला चालतो. तो काढायचा म्हणतात. चांगली वस्तू का काढायची? (नाशिक)

उत्तर : कारण पंप लागल्यावर तो हलणार नाही, आणि न हलणाऱ्या धातूच्या व्हॉल्ववर रक्ताची गुठळी धरते, ती सुटली तर मेंदूत. म्हणून बहुतेक सर्जन त्याच ऑपरेशनमध्ये तो काढून प्राण्याच्या ऊतीचा व्हॉल्व बसवतात. ज्यांचा स्वतःचा व्हॉल्व आधीपासून मध्यम किंवा जास्त गळतो त्यांचाही बंदोबस्त तेव्हाच करतात. छाती उघडलेलीच असते ना. कधी बदलतात, कधी तिन्ही पाकळ्या मधोमध एका टाक्याने बांधतात, पार्क टाका म्हणतात त्याला, कडेने थोडी वाट उरते. आमच्याकडे एका पेशंटची गळती 'थोडीशीच आहे' म्हणून सोडली होती, दोन वर्षांनी त्याच सोडलेल्या गळतीसाठी बिचारा परत आला. तुमच्या सर्जनवर विश्वास ठेवा.

प्रश्न : बाबांचं बीपी घरच्या मशीनवर एरर दाखवतं, नाडीही लागत नाही. मग प्रेशर आवळून धरायचं तर मोजायचं कसं?

उत्तर : पंप सलग रक्त ढकलतो, ठोका बारीक, म्हणून मशीन गोंधळतं. बोटाचं ऑक्सिमीटरही. त्यासाठी हातात धरायचा छोटा डॉपलर, म्हणजे धमनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, मिळतो. दंडाला कफ, कोपराच्या आत थोडं जेल, प्रोब तिरका धरून धमनी शोधा, शूऽऽ असा वारा सुटल्यासारखा आवाज येईल. कफ फुगवा, आवाज बंद होईल. मग अगदी हळू हवा सोडा, ज्या आकड्यावर शूऽऽ परत आलं तो लिहा. वरचं-खालचं असे दोन आकडे मिळत नाहीत, एकच. रोज एकाच वेळी, वजनाच्या शेजारी त्याच वहीत. तीन दिवस ९० च्या वर गेला किंवा दोन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढलं तर फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि गावातल्या दवाखान्यात आधीच सांगून ठेवा की यांची नाडी लागत नाही म्हणून घाबरू नका, स्टेथो छातीवर ठेवला तर मिक्सर शेजारच्या घरात चालू असल्यासारखी घरघर ऐकू येते. एका पेशंटला चक्कर आली तेव्हा अँब्युलन्समधल्या पोराने नाडी नाही म्हणून घरच्यांना हात जोडले होते, आणि ज्यांच्यासाठी जोडले ते आजोबा खाली झोपून त्याच्याकडेच बघत होते.