सत्तरीतल्या आई-बाबांना घारापुरीची लेणी दाखवता येतील का? आईचे गुडघे दुखतात.

हो, अगदी खुशाल न्या, फक्त पावसाळा आणि सोमवार टाळा. सोमवारी लेणी बंद असतात. मी सासूबाईंना घेऊन गेले आहे, त्यावरून सांगते. बेटावर बोट लागते त्या धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी झुकझुक गाडी असते. पुढच्या सुमारे 120 पायऱ्या हेच खरं काम, पण दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. माळा बघत, भाव करत चढलं की विसावा आपोआप होतो. तरी जमेना तर खालीच डोली मिळते. बसण्याआधी जाण्यायेण्याचे पैसे ठरवा, आणि आईंना सांगा, आज राणीसारखं मिरवायचं! वर शिवाची त्रिमुखी मूर्ती जवळजवळ 6 मीटर उंच आहे, तिच्यासमोर निवांत बसू द्या. खाऊ मात्र पिशवीत खोल ठेवा, माकडं हातातून ओढतात.

खरी अडचण पायऱ्यांची नाहीच, बोटीची आहे. मुंबईला गेटवे ऑफ इंडियापाशी बोटीत चढताना पायऱ्या ओल्या असतात, बोट हलते, कधी एका बोटीतून दुसरीत जावं लागतं. त्यामुळे तोल जात असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर आत्ता नको. नाहीतर सकाळची पहिली बोट पकडा.