मोआबमध्ये एकच दिवस, सोबत आई-बाबा: कॅन्यनलँड्स कसं बघावं?

ऑक्टोबरात अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआब गावात एकच पूर्ण दिवस आहे, आई-बाबा सत्तरीच्या आसपास आहेत, चालतात पण चढ झेपत नाही, आणि जवळच्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातले ‘आयलंड इन द स्काय’ आणि ‘नीडल्स’ हे दोन्ही भाग करायचेत, असं तुम्ही लिहिलंय. नीडल्स कृपया सोडा. नकाशावर ते समोर दिसतं, पण पार्कच्या आत कोलोरॅडो किंवा ग्रीन नदीवर एकही पूल नाही. त्यामुळे वळसा घालून जायलाच दोनेक तास लागतात. आयलंड इन द स्काय मात्र आई-बाबांसाठी फार सोयीचं आहे. गाडी थेट पठारावर जाते, दरी तुमच्या पायाखाली असते आणि चढायचं जवळपास काहीच नाही.

सकाळी उजाडायच्या आत मेसा आर्च ही नैसर्गिक दगडी कमान गाठा. जाऊन-येऊन पाऊण मैलाच्या आत वाट आहे, थोडी खडबडीत, म्हणून प्रत्येकाकडे टॉर्च हवा. कमान अगदी कड्याच्या टोकावर आहे. सूर्य वर आला की खालच्या कड्यावरून उजेड परावर्तित होतो आणि कमानीचा तळ केशरी पेटतो. तिथं ट्रायपॉडवाल्यांची गर्दी असते. पुढे घुसू नका, बाजूच्या खडकावर बसून आई-बाबांना नीट दिसतं. कमानीच्या वर कुणी चढायचं नाही आणि मागे सरळ कडा आहे हे विसरायचं नाही.

तिथून ग्रँड व्ह्यू पॉइंट. बहुतेक लोक पार्किंगजवळून फोटो काढून परत फिरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आई-बाबांना त्या पहिल्या, फरसबंद पॉइंटवर निवांत बसवा आणि तुम्ही कडेकडेने टोकापर्यंत जाऊन या. एका बाजूने साधारण एक मैल, सुरुवातीच्या दगडी पायऱ्या सोडल्या तर वाट सपाटच आहे. कठडा मात्र कुठेही नाही, लहान मूल असेल तर हात सोडू नका. खाली हजारेक फुटांवर फिकट पांढरा पट्टा दिसतो, तो ‘व्हाइट रिम’ वाळूखडक. तो कठीण आहे आणि त्याच्याखालचा तांबडा खडक मऊ. मऊ खडक झिजतो, वरची टोपी टिकते, म्हणून तिथं ते सुळके उभे राहिलेत. हे आधी सांगून ठेवलंत तर बाबा तासभर हलणार नाहीत.

वाटेवर काळपट, खवल्याखवल्यांची माती दिसेल. ती जिवंत आहे: सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी बांधलेली. एका पावलाने मोडली तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. खडकावरून किंवा आखलेल्या वाटेवरूनच चाला.

जेवण मोआबहूनच न्या, दशम्या-चटणी उत्तम. आत खायला काही मिळत नाही, पेट्रोल नाही, आणि पाणी फक्त व्हिजिटर सेंटरला. माणशी चार लिटर धरा, ऑक्टोबर असला तरी.

दुपारी अपहीव्हल डोम, म्हणजे खडकातला प्रचंड वर्तुळाकार खड्डा. पहिल्या पॉइंटपर्यंत जाऊन-येऊन अर्ध्या मैलाहून थोडं जास्त, पण या दिवसातला खरा चढ इथेच आहे. हळूहळू बसत गेलात तर आई-बाबाही येतील. दुसऱ्या पॉइंटला त्यांना नेऊ नका. हे काय आहे यावर भूवैज्ञानिकांचा बराच काळ वाद होता: खालून वर आलेला मिठाचा घुमट की उल्काघात? 2008मध्ये जर्मन संशोधकांना आघाताने बदललेले क्वार्ट्‌झचे कण सापडले आणि पारडं उल्केकडे झुकलं. लोणार पाहिलं असेल तर फरक लगेच कळेल. लोणारचा वाडगा अजून शाबूत आहे, इथे वरचं सगळं झिजून गेलंय आणि आघातानंतर उसळून आलेला आतला गाभा उघडा पडलाय.

सूर्यास्ताला ग्रीन रिव्हर ओव्हरलूक. पार्किंगपासून चार पावलं, आणि ग्रीन नदी वळणं घेत जाताना स्पष्ट दिसते. डेड हॉर्स पॉइंट सुंदरच आहे, पण ते राज्याचं वेगळं पार्क, तिकीटही वेगळं. एका दिवसात ते कोंबू नये असं माझं मत. कड्यावरून खाली उतरणाऱ्या कच्च्या शेफर रोडची नागमोडी वळणं वरून जरूर बघा, भाड्याची साधी गाडी मात्र त्यावर घालू नका.

चंद्र नसेल तर अंधार पडल्यावर अर्धा तास थांबा, 2015पासून हे अधिकृत डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे बघायला अंधार जपलेलं ठिकाण आहे. जाड जॅकेट गाडीत ठेवा, ऊन गेलं की झपाट्याने गारठतं. परतताना गाडी हळू चालवा, 313 नंबरच्या रस्त्यावर हरणं आणि गुरं येतात.