सवाल तुमचे, सूर आमचे : युरोव्हिजनला जाणारं गाणं ठरवतं कोण?

मागच्या अंकात मी नागपुरातल्या कराओके क्लबांवर लिहिलं होतं. वाटलं, क्लबवाले भांडायला येतील. आली मात्र युरोव्हिजनची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या दरवर्षीच्या गाण्याच्या स्पर्धेची पत्रं! मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत, रात्री साडेबाराला उठून ही स्पर्धा बघणारे आपल्या शहरात इतके असतील याची मला कल्पना नव्हती. म्हणून या वेळी सगळे सवाल त्याच विषयावरचे.

माझी मुलगी नोकरीनिमित्त लिस्बनला असते. ती सांगते की २०१७ साली पोर्तुगालने युरोव्हिजन जिंकलं आणि पुढच्याच वर्षी, तेही स्वतःच्या घरी, शेवटचा नंबर आला. गाणं निवडतं कोण? सरकार? आणि एका वर्षात एवढं काय बिघडलं?
*– एक वाचक, धरमपेठ*

ताई, सरकारचा थेट संबंध नाही. स्पर्धा भरवते युरोपातल्या प्रसारण संस्थांची संघटना, आणि गाणं पाठवते त्या त्या देशाची सदस्य वाहिनी. पोर्तुगालची वाहिनी आरटीपी. आपल्याकडे दूरदर्शनने गाणं पाठवावं, तसं समजा.

निवडायचं कसं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. स्वीडनमध्ये त्यासाठी आठवडेच्या आठवडे चालणारी वेगळी स्पर्धा असते आणि ती तिकडे सणासारखी साजरी होते. इटलीत सानरेमोचा महोत्सव १९५१ पासून आहे, म्हणजे युरोव्हिजनपेक्षाही जुना; युरोव्हिजन त्याच्याकडे बघूनच सुरू झालं. सानरेमो जिंकणाऱ्याला आधी विचारतात, ‘जाता का?’ २०२५ च्या विजेत्याने चक्क नाही म्हटलं आणि दुसऱ्या नंबरचा गेला. फिनलंडमध्ये पंचाहत्तर टक्के वजन लोकांच्या मतांना आणि पंचवीस टक्के परदेशी परीक्षकांना. काही वाहिन्या मात्र कोणालाच न विचारता बंद खोलीत बसून नाव ठरवतात. ब्रिटनने २०२१ साली असंच ठरवलं. मुख्य स्पर्धेत परीक्षकांकडून शून्य, लोकांकडून शून्य. पुढच्या वर्षीही बंद खोलीतच ठरवलं, तर ४६६ गुण आणि दुसरा नंबर! म्हणून पद्धतीवर फार डोकं खपवू नये, असं माझं मत.

आता पोर्तुगाल. १९६४ साली हा देश पहिल्यांदा उतरला आणि शून्य घेऊन परतला. त्यानंतर अधूनमधून एखादं वर्ष घरी बसायचा आणि परत यायचा. २०१७ पर्यंत सर्वांत चांगली कामगिरी काय, तर १९९६ चा सहावा नंबर. २०१६ ला तर गेलेच नाहीत. २०१७ ला परतले तेव्हा आरटीपीने आपल्या जुन्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी संगीतकारांना बोलावलं. गाणं तुम्ही करा, गायकही तुम्हीच आणा. लुईझा सोब्राल ही त्यांतली एक. तिने गाणं बांधलं आणि गायला आणलं आपल्या भावाला, साल्वादोरला. तो बार्सिलोनात जॅझ शिकलेला. त्या वर्षी स्पर्धा युक्रेनमधल्या कीव्हला होती; हृदयाचा आजार असल्याने तिथल्या पहिल्या तालमींना तो पोचू शकला नाही. त्याच्या जागी बहीण उभी राहून गायली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच्यावर हृदय प्रत्यारोपण झालं.

१३ मे २०१७ ची ती फीत यूट्यूबवर आवर्जून बघा, ताई. बाकीच्यांच्या मागे हे भले मोठे पडदे, ज्वाळा, नाचणारे. हा पठ्ठ्या मुख्य मंचावर गेलाच नाही. प्रेक्षकांच्या मधोमध एक छोटा गोल चौथरा होता, त्यावर ढगळ काळा कोट घालून एकटा उभा राहिला. बोटं हवेत अशी हलताहेत जणू गाणं चिमटीत धरलं आहे. मागे पियानो आणि व्हायोलिनांचा ताफा, ताल देणारं वाद्यच नाही. दुसऱ्यांदा ओळ आली की आवाज चढवायचा, हा सगळ्या स्पर्धांमधला ठरलेला हातखंडा. हा तिथे आवाज उतरवतो. भाषा अख्खी पोर्तुगीज. ‘तुझ्या वाट्याचंही प्रेम मीच करेन’ असा काहीसा भाव. परीक्षकांचे ३८२, लोकांचे ३७६, एकूण ७५८ गुण. दोन्हीकडे पहिला! जिंकल्यावर मंचावरून म्हणाला, संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, संगीत म्हणजे भावना. बाकीच्या स्पर्धकांना ते थोडं झोंबलं, आणि खरं सांगू, झोंबण्यासारखंच होतं.

२०१८ ला स्पर्धा लिस्बनला. गाणं निवडायची पद्धत तीच, संगीतकारांना बोलावण्याची. गाणंही हळुवार, पोर्तुगीजच. ३९ गुण, सव्विसात सव्विसावा नंबर. जिंकलं इस्रायलचं गाणं, ज्यात गायिका मधूनमधून कोंबडीसारखी कुकारत होती! बिघडलं काहीच नव्हतं, ताई. तिथे एका रात्रीत पंचवीस-सव्वीस गाणी लागोपाठ वाजतात. बघणाऱ्याने बहुतेक गाणी पहिल्यांदाच ऐकलेली असतात आणि मत लगेच द्यायचं असतं. साल्वादोरचं गाणं त्या गदारोळात वेगळं पडलं म्हणून कानात राहिलं. पुढच्या वर्षी तसंच शांत गाणं आल्यावर ते नवल उरलं नव्हतं.

मी नागपुरात गणपती-नवरात्रातल्या स्पर्धांचं परीक्षण करतो. हातात तक्ता देतात: सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण. बांधणीला रकानाच नसतो, कारण सगळे लताबाई-रफीसाहेबांचीच गाणी गातात आणि त्यांच्या बांधणीला मार्क देणारा मी कोण? युरोव्हिजनमध्ये गाणं नवं कोरं लागतं. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरआधी बाजारात आलेलं चालत नाही. परीक्षकांना रचना, तिचं नवेपण, गळा, मंचावरची मांडणी असं सगळं बघून गाण्यांना ओळीने क्रम लावायचा असतो. म्हणून आरटीपीने संगीतकाराला आधी धरलं ते मला पटतं. गळे आपल्या महाल-इतवारीतही गल्लोगल्ली आहेत. बांधणारे कुठे आहेत?

१९७४ मध्ये, म्हणजे स्वीडनचा आबा (ABBA) हा ग्रुप ज्या वर्षी जिंकला त्या वर्षी, पोर्तुगालला फक्त तीन गुण पडले असं वाचलं. इतकं रद्दी गाणं निवडलंच कसं?
*– एक वाचक, महाल*

रद्दी? दादा, त्या गाण्याइतकं मोठं काम त्या रात्रीच्या दुसऱ्या कोणत्याच गाण्याने केलं नाही, आबाच्याही नाही.

६ एप्रिल १९७४, इंग्लंडमधलं ब्रायटन. पोर्तुगालकडून पावलू द कार्व्हाल्यो गायला. निरोपाचं, प्रेमभंगाचं गाणं. तीन गुण, आणि आणखी तीन देशांबरोबर शेवटच्या जागेचा मान. तेव्हा पोर्तुगालमध्ये हुकूमशाहीचं अठ्ठेचाळिसावं वर्ष चालू होतं आणि लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठावाची तयारी केली होती. सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी निरोप कसा द्यायचा? तर रेडिओवरून. गाणं असं हवं की वाजवलं तर सेन्सॉरच्या भुवया वर जाऊ नयेत. नुकतंच युरोव्हिजनला जाऊन आलेलं प्रेमगीत! कोण संशय घेणार? २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना लिस्बनच्या रेडिओवर ते वाजलं: तयार राहा. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या केंद्रावर दुसरं गाणं वाजलं: निघा. २५ तारखेला राजवट कोसळली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत कार्नेशनची फुलं खोवली.

आमच्या सिव्हिल लाइन्सच्या आकाशवाणीवरून फर्माइशीत काय काय वाजायचं ते ऐकत मी लहानाचा मोठा झालो. पण अशी फर्माइश काही कधी ऐकली नाही!

आमचा मानेवाड्याला ग्रुप आहे, आम्ही ट्रॅकवरच गातो. जुने वादक लोक आम्हाला हसतात. युरोव्हिजनमध्ये खरा वाद्यवृंद असतो ना?
*– एक वाचक, मानेवाडा*

नसतो भाऊ! १९९९ पासून वाद्यवृंद गेला तो गेलाच. मंचावर गिटार-ड्रम दिसतात ते नुसते शोभेचे. वाजून राहिला असतो ट्रॅक. मुख्य गळा मात्र जिवंत पाहिजे, ती अट पक्की. मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं, सोळा वर्षांखालचं कोणी नको, जनावर आणायचं नाही, आणि गाणं तीन मिनिटांच्या आत.

ही तीन मिनिटं आपल्या लोकांना जड जातील. मुखडा, म्युझिक, अंतरा, पुन्हा म्युझिक, दुसरा अंतरा, असं आपलं गाणं सहज पाच मिनिटं खातं. करून बघा: तुमच्या ग्रुपमधल्या कोणाचंही आवडतं गाणं घ्या आणि सुरुवातीचा तुकडा, मधला एक तुकडा आणि एक अंतरा कापा. उरलेलं उभं राहतं का? आमच्या ऑर्केस्ट्राच्या काळात कार्यक्रम लांबला की आयोजक विंगेतून कात्रीची खूण करायचे, तेव्हा अंतरा गाळायचो. गायिका पुढे आठवडाभर बोलायची नाही ती गोष्ट वेगळी. पण वाद्यवाल्यांच्या हसण्याचं मनावर घेऊ नका. मीही त्यांच्यातलाच आहे, आणि आमचं हसू अर्धं रोजी गेल्याचं आहे.

शेजारी देश एकमेकांनाच मतं देतात, मग कशाला बघायचं?
*– एक वाचक, सदर*

देतात. ग्रीस आणि सायप्रस यांचे एकमेकांना बारा गुण, म्हणजे द्यायचे तितके सर्वांत जास्त, न बघताच सांगता येतात. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, मग शेजाऱ्याला. पण पोर्तुगालला शेजारी एकच, स्पेन. तेवढ्यावर ७५८ होत नाहीत.

ऑस्ट्रेलिया चालतो, मग भारत का नाही? आपण मत तरी देऊ शकतो का?
*– संगीत विशारद करणारी एक विद्यार्थिनी, प्रतापनगर*

बाळा, ऑस्ट्रेलियाची एक वाहिनी त्या संघटनेची सहयोगी सदस्य. तिकडे स्पर्धा वर्षानुवर्षं दाखवत होते, २०१५ ला साठाव्या स्पर्धेनिमित्त पाहुणे म्हणून बोलावलं, आणि पाहुणे टिकले. पुढच्याच वर्षी त्यांचा दुसरा नंबर आला. भारताला असं आमंत्रण नाही. मत मात्र आहे: २०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतले लोक ऑनलाइन, पैसे भरून मत देऊ शकतात. या साऱ्या उरलेल्या जगाची मतं एकत्र करून एका देशाएवढी धरतात. अंतिम फेरी तिकडच्या शनिवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे रविवार लागल्यावर साडेबाराला सुरू होते आणि निकालाला पहाटेचे चार वाजतात. सोमवारी परीक्षा असेल तर आधी आईला विचार.