'ताई ची' मधली ची नक्की कुणाची?

विचारणा थोडक्यात अशी होती. सकाळी बागेत ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करणाऱ्या एका ग्रुपसाठी माहितीपत्रक मराठीत करायचंय, त्यात 'ची'ला ऊर्जा म्हणावं की प्राण, आणि झेन (जपानमधला बौद्ध ध्यानपंथ) हा शब्द खरंच आपल्या 'ध्यान'वरून आलाय की हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'सगळं आपलंच होतं' छाप ज्ञान आहे?

झेनचं खरंय, त्यावर येतोच. पण आधी 'ची'ची गंमत सांगतो, कारण प्रश्नातच एक घोटाळा लपलाय. ताई ची मधली ची ही ती ची नव्हेच. मराठीत तर 'ताईची' असं जोडून लिहिलं की लोक विचारतात कुणाच्या ताईची, ते सोडा, पण चिनीतसुद्धा हे दोन साफ वेगळे शब्द आहेत. एक छी, म्हणजे तुम्ही ज्याला ऊर्जा म्हणायला निघालात ती. दुसरा ची, म्हणजे टोक, परमावधी. त्याचा मूळ अर्थ घराचं आढं, कौलारू घरात अगदी वर मधोमध असतं ते. ताई म्हणजे थोर, सर्वात मोठं, आणि त्याचाही उच्चार खरं तर थाइ. म्हणजे थाइची हे थोरलं आढं झालं, ज्याच्या पलीकडे वर काही नाही ते. इंग्रजी लोकांच्या जुन्या स्पेलिंगमध्ये महाप्राण दाखवायला वर एक स्वल्पविराम देत असत, पुढे आळसाने तो गळाला आणि दोन्ही शब्दांचा 'ची' झाला. इंग्रजीची अडचण समजू शकतो, पण आपल्याकडे च आणि छ अशी दोन स्वतंत्र अक्षरं पहिलीपासून शिकवतात, तरी आपण इंग्रजीवरून उचलतो आणि गोंधळसुद्धा सोबत आणतो. अर्थात 'छी' लिहिलं की वाचणारा नाक मुरडणार हेही आहेच :) छीगोंगला (छीच्या चिनी व्यायामांना) 'किगाँग' लिहिणारे पण पाहिलेत, ते इंग्रजी स्पेलिंगमधला क्यू बघून क म्हणतात, त्यांना काय सांगणार.

आता छी म्हणजे काय. त्या अक्षरात वर वाफेच्या आडव्या रेघा आणि खाली तांदूळ. भात शिजताना झाकण काढल्यावर तोंडावर येते ती वाफ डोळ्यासमोर आणा, छी समजायला तेवढं पुरे. जुने कोशकार त्या तांदळाचा अर्थ वेगळाही लावतात (पाहुण्याला द्यायचं धान्य), पण वाफेचं चित्र लोकांच्या मनात बसलंय आणि चांगलं बसलंय. ज्या शब्दाबरोबर हिची जोडी लावतात तो 'चिंग', म्हणजे शरीरातलं सत्त्व, आपण ओज किंवा वीर्य म्हणू तसं काहीसं, त्याच्याही अक्षरात तांदूळ आहे, आणि मूळ अर्थ निवडून सडलेले तांदूळ. म्हणजे ताओपंथीयांची (लाओत्से या जुन्या चिनी ज्ञानी पुरुषाला मानणाऱ्यांची) सगळी गूढ विद्या स्वयंपाकघरातून निघालेली आहे असं म्हटलं तर फार चूक नाही. चिंगपासून छी, छीपासून शन (मन, चैतन्य) आणि तिथून शून्याकडे, अशी त्यांची पायरी-पायरीची चढण.

आणि रोजच्या चिनी बोलण्यात छी कुठे कुठे येते बघा. हवामान म्हणजे आकाशाची छी. चुलीत येणारा नैसर्गिक वायू, त्यातही छी. राग आला तर छी उपजली. माणसाचा स्वभाव, तिरसटपणा वगैरे, म्हणजे प्लीहेची छी. जपानीत तीच 'की' झाली, आयकिदो या जपानी युद्धकलेतली की तीच. आता या सगळ्या ठिकाणी 'ऊर्जा' घालून बघा, प्लीहेची ऊर्जा खवळली, जमतंय का? ऊर्जा हा आपल्याकडे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द आहे, ती ज्यूलमध्ये मोजतात, तिचं बिल येतं. छी मोजत नाहीत. ती साचते, अडते, वर चढते, मुरते. ऊर्जा हे इंग्रजी 'एनर्जी'चं भाषांतर आहे, चिनीचं नाहीच, दोनदा गाळलेला चहा तो.

प्राण पुष्कळ जवळ आहे, श्वास आणि जीव दोन्ही अर्थ त्यात आहेत म्हणून मोह होतो. पण प्राण जिवंताला असतो, दगडाला नसतो (प्राणप्रतिष्ठा केली तर गोष्ट वेगळी). छी दगडाला, डोंगराला, धुक्याला सगळ्यांना असते, ती एकत्र जमली की जन्म आणि पांगली की मृत्यू, असं ताओपंथी विचारात म्हणतात. आपला प्राण 'जातो', त्यांची छी विखुरते. हा फरक बारीक वाटेल पण पत्रकात 'प्राण' लिहिलंत की वाचणारा थेट प्राणायाम, इडा-पिंगला, कुंडलिनीवर जाऊन पोचेल आणि तुम्ही शिकवताय ते भलतंच. तिबेटी बौद्धांचं वेगळं, त्यांचा 'लुंग' म्हणजे वारा हा प्राण-वायूचाच सरळ तर्जुमा, कारण त्यांची ती साधनाच भारतातून गेलेली, तिथे प्राण लिहायला माझी काही हरकत नाही.

आता ध्यान. हा प्रवास मला अतिशय आवडतो, जरा लांबेल. संस्कृतातला ध्य प्राकृतात आला की त्याचा झ (ज्झ) होतो, हा नियम आणि मराठीत त्याचा पुरावा घरोघर आहे. संध्याची सांज, वंध्याची वांझ, युध्य पासून झुंज, मध्य पासून माज म्हणजे माजघरातला माज. तसंच ध्यानाचं पालीत झान आणि जैनांच्या अर्धमागधीत झाण. म्हणजे हा शब्द आपल्याकडे पोथीतून न येता तोंडातोंडी आला असता तर आज आपण 'झाण लावून बसलाय' म्हणत असतो! तर हे झान घेऊन भिक्खू मध्य आशियातून चीनमध्ये गेले, तिथे ऐकून लिहिताना 'छान्-ना' अशी दोन अक्षरं वापरली आणि पुढे ना गळून नुसतं छान राहिलं. होय, छान. उच्चार जवळपास आपल्या 'छान'सारखाच, फक्त जीभ जरा वर वळवून आणि सूर चढता. पण त्या काळी त्या अक्षराचा उच्चार छान नव्हता, ज-सारख्या घोष ध्वनीने सुरू होणारा, साधारण 'ज्येन' असा होता, म्हणजे झानच्या बराच जवळ. जपान्यांनी तो उचलला तेव्हाचा घोषपणा त्यांच्याकडे टिकला म्हणून झेन, आणि उत्तर चीनमधल्या बोलीत पुढे घोष ध्वनी अघोष झाले म्हणून छान. कोरियात सॉन, व्हिएतनाममध्ये थिएन. (झेन मधला झ झाडातला, झेंड्यातला नव्हे.)

आपल्याकडे मात्र ध्यान मुक्कामी राहून भलतंच वयात आलं. ध्यानात ठेव म्हणजे लक्षात ठेव, ध्यानीमनी नसताना पाहुणे टपकले, विटेवरचं सुंदर ध्यान म्हणजे विठ्ठलाचं रूप, आणि शेजारचं कारटं भडक गॉगल लावून निघालं की आजी म्हणणार 'काय ध्यान आहे!' झेनच्या एखाद्या म्हाताऱ्या गुरूला हा शेवटचा अर्थ फार आवडला असता असं मला वाटतं.

तर मुद्दा असा की चिन्यांकडे मनाच्या एकाग्रतेसाठी शब्द नव्हते असं नाही. स्थिर होणं या अर्थाचा 'तिंग' होता, तो त्यांनी समाधीसाठी वापरला. सुरुवातीच्या भाषांतरकारांनी तर सर्रास ताओपंथी शब्द घातले, बोधीला ताओ, निर्वाणाला वू-वेइ (काही न करणं). सोय झाली पण लोकांना वाटलं बुद्ध म्हणजे आपल्याच लाओत्सेचं काहीतरी. इ.स. 148 च्या सुमारास आन शिकाओ नावाचा पार्थियाचा, म्हणजे इराणकडचा, भिक्खू लोयांगला आला, त्याने श्वासावरच्या सरावाचा जो ग्रंथ चिनीत आणला त्याच्या नावात आनापान (आत-बाहेर जाणारा श्वास) हा शब्द 'आन्-पान्' असा आवाजासकट आहे. इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस जाऊन आलेल्या कुणालाही हा शब्द विचारा, पहिले तीन दिवस तेच करून घेतात. माझी आत्या तिथून आली तेव्हा चार दिवस घरात इतकी हळू बोलायची की आम्हालाच अपराधी वाटायचं. असो. त्याच नावात पुढे 'शौ-यी' आहे, मनाची राखण. आणि ताओपंथीयांचा एक जुना शब्द आहे 'शौ-यी', एकाची राखण, एकतत्त्वाला धरून राहणं. अक्षर वेगळं, सूर वेगळा, बाकी आवाज तोच. ऐकणाऱ्याचा गोंधळ झाला नसेल तरच नवल.

म्हणूनच पुढे ह्युएनत्संगाच्या नावावर पाच नियम सांगितले जातात, कुठल्या शब्दांचं भाषांतर करूच नये याचे. हा तोच, शाळेच्या इतिहासातला, जो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला. मंत्र भाषांतरू नका. ज्या शब्दाला अनेक अर्थ आहेत तो भाषांतरू नका. जी वस्तू इथे नाहीच तिचं नाव भाषांतरू नका, उदाहरण काय तर जंबूचं झाड, आपलं जांभूळ! आधीपासून रूढ झालेला शब्द तसाच ठेवा. आणि प्रज्ञा हा शब्द भाषांतरू नका कारण नुसतं शहाणपण म्हटलं की त्याचं वजन जातं. मला विचाराल तर छी दुसऱ्या नियमात चपखल बसते. ज्यांनी आपलं ध्यान आवाजासकट नेलं त्यांची छी आपणही आवाजासकट घ्यावी, फिटंफाट.

छीगोंग मधला गोंग मात्र खुशाल भाषांतरा. गोंग म्हणजे घासून, कष्टून, वेळ घालवून मिळवलेली कमाई, कुंग फू मधला कुंग तोच. त्याला 'साधना' म्हणतात सगळे, पण तालमीत पैलवान जोर-बैठकांना 'मेहनत' म्हणतात ना, तो शब्द मला जास्त अचूक वाटतो, श्वासाची मेहनत. आणि हे नाव वाटतं तेवढं प्राचीन नाही, शब्द जुना असला तरी या सगळ्या व्यायामांना मिळून छीगोंग म्हणायची पद्धत 1949 नंतर कम्युनिस्ट चीनच्या दवाखान्यांतून रुळली. जुना शब्द 'ताओ-यिन', वळवणं आणि ताणणं. छांगशाजवळच्या मावांगत्वेइला इ.स.पू. 168 मधल्या थडग्यात रेशमावरचं चित्र सापडलं, त्यात 44 माणसं निरनिराळ्या पोझमध्ये ताणतायत वाकतायत, अगदी तुमच्या बागेतल्यासारखी.

पत्रकात 'दानथ्येन' आला असेलच, बेंबीखालची जागा. दान म्हणजे हिंगूळ, ज्यातून पारा काढतात तो, आणि थ्येन म्हणजे शेत. हिंगुळाचं शेत. बाहेर भट्टीत हिंगूळ-पारा शिजवून अमर व्हायच्या नादात लोक मेले, थांग घराण्यातले सम्राटसुद्धा त्या औषधांनी गेले म्हणतात, मग भट्टी शरीराच्या आत हलवली, नावं तीच ठेवली. हा शब्द जपानी झेन मठात 'तांदेन' म्हणून बिनदिक्कत नांदतो. हाकुइन (1686 ते 1769) हा झेनच्या रिंझाई शाखेचा मोठा गुरू, तरुणपणी अतिध्यानाने आजारी पडला, डोकं तापलेलं, पाय बर्फासारखे गार, आणि त्याच्या सांगण्यानुसार क्योटोजवळच्या डोंगरातल्या एका ताओपंथी वळणाच्या एकांतवासी म्हाताऱ्याने उपाय दिला (भेट खरी की रचलेली यावर वाद आहे). उपाय काय, तर डोक्यावर बदकाच्या अंड्याएवढा सुगंधी लोण्याचा गोळा ठेवलाय अशी कल्पना करायची, तो हळूहळू वितळतोय, कपाळ, खांदे, छाती, पोट, पाठीचा कणा भिजवत तळपायापर्यंत उतरतोय. आता सांगा हे ध्यान की छी, बौद्ध की ताओ? लोणी आहे म्हणजे आपलंही थोडं असणार.

तर पत्रकात पहिल्यांदा येईल तिथे 'छी (श्वास, वाफ, जीवनाचा वारा)' असं एकदा लिहा आणि पुढे नुसतं छी. हसतील दोन दिवस. ताई ची मात्र ताई ची राहू द्या, ते आता रूढ झालंय, चौथा नियम.