गोळ्या दाबून बनवणाऱ्या टॅब्लेट कॉम्प्रेशन मशीनचा चेंजओव्हर, म्हणजे एक प्रॉडक्ट उतरवून दुसरं लावणं, अख्खी शिफ्ट खातो. ऑपरेटरचा वेग कसा वाढवावा?

ऑपरेटरच्या मागे लागू नका. आधी मशीन नुसतं उभं किती वेळ असतं ते लिहून काढा.

आमच्याकडे याच कामासाठी बाहेरून सल्लागार आणले होते. डाय (गोळीचा साचा) धरणारे लॉक स्क्रू सोडवायला किती सेकंद, साच्यात पावडर भरणारी फीड फ्रेम उतरवायला किती, सगळं स्टॉपवॉच लावून मोजलं. अहवाल आला: बोल्ट काढा, क्विक क्लॅम्प बसवा, माणसांना ट्रेनिंग द्या. आणि खरा वेळ कुठे गेला? मशीन धुऊन-पुसून संध्याकाळीच तयार होतं. मागच्या औषधाचा अंश उरलाय का हे बघायला मशीनवरून घेतलेला स्वॅब क्यूसीत (तपासणी लॅबमध्ये) पोचला, तर तो तपासणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर स्टॅबिलिटीचे (औषध किती काळ टिकतं त्याचे) नमुने लागलेले. सकाळी रिपोर्ट आला, तेव्हा लाइन क्लिअरन्सला, म्हणजे मागचं काही उरलं नाही हे बघून मशीनला परवानगी द्यायला, क्यूएचा (गुणवत्ता विभागाचा) माणूस मोकळा नाही. दुपारी तो आला आणि गोळ्यांवरची पावडर झाडणाऱ्या डीडस्टरच्या पाइपच्या वळणात मागच्या प्रॉडक्टची अर्धी गोळी निघाली. म्हणजे क्लीनिंग पुन्हा पहिल्यापासून. यातलं काही अहवालात का नाही, असं मी मीटिंगमध्ये विचारलं. उत्तर मिळालं, ‘ते आमच्या स्कोपमध्ये नाही.’ क्लॅम्पची ऑर्डर मात्र त्याच आठवड्यात गेली.

चेंजओव्हरचा वेळ कमी करण्याची पद्धत मांडणाऱ्या ज्या जपानी इंजिनिअर शिंगेओ शिंगोचं नाव ही मंडळी घेतात, त्यानं 1969 साली टोयोटात हजार टनी प्रेसचा चार तासांचा सेटअप आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. त्यातली मोठी उडी जी कामं मशीन चालू असताना उरकता येतात ती मशीन बंद असण्याच्या वेळेतून बाहेर काढून मारली.

तुमच्याकडेही तेच करा. आधीची बॅच चालू असतानाच पुढचे पंच-डाय (गोळी दाबणारे दांडे आणि साचे) तेल पुसून, लांबी तपासून ट्रॉलीवर लावा. फीड फ्रेम आणि हॉपरचा दुसरा सेट घ्या. क्लॅम्पपेक्षा तो पैसा कितीतरी सार्थकी लागतो. स्वॅबसाठी एचपीएलसी आदल्या दिवशीच अडवून ठेवा. प्लॅनिंगवाल्यांना एकाच मॉलिक्यूलच्या स्ट्रेंग्थ सलग लावायला सांगा, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे. आणि क्लीनिंग व्हॅलिडेशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं धुतलं की मशीन स्वच्छ होतं हे आधीच सिद्ध करणं, पूर्ण असेल तर दर वेळी स्वॅबच्या रिपोर्टसाठी मशीन का अडवायचं, हे क्यूएला लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर ‘बघू’ एवढंच ऐकायला मिळेल.

हो, यातलं बरंचसं चेंज कंट्रोलशिवाय (बदलाच्या लेखी मंजुरीशिवाय) करता येणार नाही. धुऊन ठेवलेल्या सेटचा क्लीन होल्ड टाइम (धुतल्यावर स्वच्छ धरायची मुदत) उलटला तर तो पुन्हा धुवावा लागेल. हॉर्मोन किंवा हाय-पोटेंट (अगदी थोड्या मात्रेतही परिणाम करणारं) प्रॉडक्ट असेल तर स्वॅबबद्दलचं माझं बोलणं सोडून द्या.