स्थिरचित्र : वस्तूंबरोबर फटीही मांडा

मुलगी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी करते. तांब्या, फुलपात्र, तीन लिंबं, सुरी, सगळं वेगवेगळं छान काढते. पण चित्र सुटं सुटं वाटतं. (पालक, नेरूळ)

वस्तूंमधल्या फटी सारख्या पडत असणार. गेस्टाल्ट मानसशास्त्रातला (सुट्या भागांतून नजर एकसंध आकार कसा पाहते, याचा अभ्यास) हा समीपतेचा नियम. मॅक्स वर्टहायमर यांनी १९२३ च्या लेखात तो ठिपके मांडून दाखवला : जवळचे ठिपके नजर एका गटात घेते; अंतर सारखं असेल तर गटच पडत नाहीत.

म्हणून फुलपात्राने तांब्याचा साधारण तिसरा हिस्सा झाकू द्या. दोन लिंबं त्यांच्या पायाशी, एक दुसऱ्याच्या थोडं आड. तिसरं दोन लिंबांच्या रुंदीइतकं लांब. सुरीचं टोक गटाकडे वळवा. कागदाबाहेर रोखलं की नजर पात्यावरून थेट बाहेर जाते. हमखास होणारी चूक म्हणजे दोन वस्तूंच्या कडा नुसत्या टेकवणं. मग पुढची कोणती, मागची कोणती, कळत नाही. परीक्षेत मांडणी हलवता येत नाही, तेव्हा बसल्या जागी थोडं डावी-उजवीकडे झुकून पाहावं.

पांढरा कप, पांढरं कापड. उजेडाकडची कड सोडली तर चित्र अर्धवट दिसेल का? (कासारवडवली, ठाणे)

उलट खुलेल. कुठे सोडता, याला महत्त्व आहे. कपाच्या तोंडाचा लंबगोल डावीकडे-उजवीकडे झपकन वळतो. ती वळणं पक्की काढा आणि मधल्या, सपाट भागात रेषा सोडा. सुटलेल्या रेषेचे दोन्ही शेवट एकमेकांच्या रोखाने हवेत, म्हणजे उरलेलं वळण डोळा स्वतः भरतो. वळणावरच रेषा तोडली तर दिशा हरवते आणि कप चेपलेला दिसतो. सुरुवातीला पाव लंबगोलापेक्षा जास्त सोडू नका. कपाचा कान जिथे जुळतो तो सांधा कधीच सोडू नका.

स्टीलचा डबा मागच्या भिंतीत मिसळतो. (वाशी)

जाड बाह्यरेषेने तो कापून चिकटवल्यासारखा दिसेल. छटा बदला : डब्याच्या उजळ बाजूमागे भिंत ४बी पेन्सिलीने गडद, काळोख्या बाजूमागे जवळजवळ कोरी. डोळे किलकिले करून आकार वेगळा निघतो का, तपासा.

खाली चौकड्यांचा टॉवेल चालेल? (ऐरोली)

चालेल. पण चौकडी सगळीकडे सारखीच गडद काढली तर साम्यामुळे, म्हणजे सारखं दिसणारं नजर एका गटात घेते म्हणून, टॉवेलच मुख्य वस्तू होतो. वस्तूंच्या पायाशी आणि घडीजवळ गडद, कडेला फिकट ठेवा. घडीवरून जाताना पट्ट्याही घडीबरोबर वळवा.